गिरणी चालू असेपर्यंत

"हे तुझं तुला परत, ताई!"

मोतीरामनं बिस्किटांचा पत्र्याचा डबा चुलीपुढं असा काही आपटला, की त्याचं झाकण उडून थेट पिठाच्या परातीत जाऊन पडलं आणि चांगुणेच्या हातातली भाकरी हातातच राहिली. बाजरीची भाकरी आणि सुकटीची चटणी... दोन वर्षं प्रागमध्ये राहून सुट्टीवर आलेल्या भावाला काय काय हवंसं वाटत असेल, याचा विचार ती आठवडाभर करत होती, आणि त्याच्या मनात होतं तर हे! डब्यात कापसावर ओळीनं मांडलेल्या पत्त्या होत्या. क्लॅरिनेटच्या तोंडाशी बोटाएवढी, टोकाला कागदासारखी पातळ केलेली बोरूची पट्टी बांधतात, तिला बँडवाले पत्ती म्हणतात. ओठाखाली ती थरथरली तर वाद्य बोलतं, नाहीतर क्लॅरिनेट म्हणजे नुसती भोकं पाडलेली काळी नळी.

"काय झालं रे, मोत्या?" तिनं हळूच विचारलं.

"या कुणाच्या तोंडातल्या आहेत, ते सांग आधी."

चांगुणेनं हातातली भाकरी तव्यावर टाकली.

"माझ्या होस्टेलवरच्या एका पोरानं यातली एक पत्ती खिडकीपाशी उजेडात धरली," मोतीराम म्हणाला. "टोकाला काळसर डाग. थुंकीचा! सगळ्यांसमोर हसला आणि म्हणाला, तुझ्या घरचे तुला वापरून टाकलेल्या पत्त्या पाठवतात काय? मी मेल्याहून मेला झालो, ताई! आबांच्या बँडातल्या लोकांनी चघळून टाकलेल्या पत्त्या गोळा करून तू मला पाठवल्यास? आपल्या आजानं गावाचं उष्टं खाऊन दिवस काढले. बाबासाहेबांनी सांगितलं, उष्ट्याला हात लावू नका, तेव्हापासून आपल्या घरात कुणी कुणाच्या ताटातलं उचललं नाही. आणि तू... माझी सख्खी बहीण... सातासमुद्रापलीकडे मला उष्टं पाठवतेस?"

दारातल्या खाटेवर आबा बसले होते. सहादू बँडवाले म्हणजे एकेकाळी देवळाली कॅम्पात लष्कराच्या बँडात क्लॅरिनेट वाजवलेले, आणि निवृत्तीनंतर नाशिकरोडला लग्नाचा बँड काढून अख्ख्या पंचक्रोशीतल्या नवरदेवांना मांडवापर्यंत पोहोचवलेले. आता छातीच्या दुखण्यानं त्यांचं फुंकणं सुटलं होतं. चांगुणेनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं. एकच वाक्य... एकच वाक्य उच्चारलं असतं तर सगळा उलगडा झाला असता! पण त्या वाक्यानं भावाचा राग विझला असता आणि बापाचा विश्वास जळाला असता. तिनं परातीतलं झाकण उचललं, पदरानं पुसलं आणि डब्याला लावलं.

"चुकलं रे माझं," ती म्हणाली. "जेवून घे. भाकरी गार होतेय."

आबा खाटेवरून उठले, चपला सरकवल्या आणि शेजारच्या गिरणीकडे निघून गेले. मोतीराम त्या दिवशी जेवला नाही. सुट्टी संपवून गेला तेव्हा सगळ्या गल्लीच्या पाया पडला, चांगुणेपुढं मात्र लांबूनच हात जोडून उभा राहिला. ते साल होतं शहात्तर.

आता चांगुणेनं न उच्चारलेलं ते वाक्य काय होतं, ते सांगायलाच हवं. त्या पत्त्या उष्ट्या होत्या, हे खरंच होतं. त्या तिच्याच उष्ट्या होत्या.

ती मोतीरामपेक्षा चार वर्षांनी मोठी. देवळाली कॅम्पात मेनेझिस नावाचे एक गोव्याचे म्हातारे बँडमास्तर राहायचे, आबांचे जुने साहेब. आबा दोन्ही पोरांना सायकलवर घालून त्यांच्याकडे न्यायचे, एक दांड्यावर, एक कॅरेजवर. मास्तर विलायती संगीत शिकवायचे, कागदावर लिहिलेलं. लग्नातल्या वाजवण्याशी त्याचा काही संबंध नव्हता, आणि आबांना नेमकं तेच हवं होतं. आपण आयुष्यभर दुसऱ्यांच्या वरातीपुढं चाललो, आपल्या लेकरांना लोकांनी खुर्चीवर बसून ऐकावं, एवढी एकच हाव त्या माणसाला होती. मोतीची बोटं भराभर चालायची. पण मास्तर चांगुणेकडे पाहून म्हणायचे, "बोटं मी शिकवीन. श्वास मात्र घरून आणावा लागतो. हिनं आणलाय!" मास्तरांचा एक संथ धडा होता. त्याच्या मधल्या चढावर श्वास न तोडता वर जायचं. मोतीला तो कधी साधला नाही, त्याचा श्वास नेमका चढावर तुटायचा. चांगुणा मात्र डोळे मिटून तो चढ अशी चढून जायची की मास्तर काडी पेटवून हातात धरायचे आणि चिरूट पेटवायलाच विसरायचे.

मग सिन्नरकडची माणसं तिला बघायला आली. पोरगी परसात क्लॅरिनेट वाजवत बसलेली त्यांनी ऐकली, पाहिली, आणि पोह्यांच्या बशा तशाच ठेवून ती माणसं उठली. "बँडवाली सून नाय परवडायची आम्हाला," जाताना त्यातली एक बाई गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणाली. तिच्या जिभेला काही हाड! आई दोन दिवस रडत होती. तिसऱ्या दिवशी आबांनी चांगुणेला जवळ बसवून तिचा हात आपल्या डोक्यावर ठेवला.

"बाई, मला वचन दे. मान्साच्या कानावर पडंल असं आजपासून वाजवायचं नाय. जग लय वंगाळ हाय."

पोरीनं बापाच्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं आणि वचन दिलं. घरात चांगली क्लॅरिनेट एकच होती, आणि आबांचा नियम होता, एका वाद्याला एकच तोंड. ती मोतीच्या हातात गेली. मेनेझिस मास्तर स्वतः विचारायला घरी आले तेव्हा चांगुणा दाराआडूनच म्हणाली, "मास्तर, मला कंटाळा आला हो त्याचा." मग त्यांनी आपला सगळा जीव मोतीत ओतला, आणि त्यांच्याच खटपटीनं त्याला प्रागला शिकायला शिष्यवृत्ती मिळाली.

आणि ज्या लग्नासाठी एवढा आटापिटा केला, ते लग्न काही झालं नाही. आई गेली, आबांची छाती बिघडली, बँडचं सामान, गणवेश, माणसांची जेवणं सगळं चांगुणेच्या अंगावर पडलं, आणि येणारी स्थळं येता येता थांबली. सूर गेला तो गेला, वर नवराही आला नाही! पण ती रडत बसणाऱ्यांतली नव्हती. मोतीचं पहिलं पत्र आलं, की इथं चांगल्या पत्त्या दुकानात मिळत नाहीत, सगळे रांगेत उभे असतात, तेव्हा तिच्या अंगात बळ संचारलं. लहानपणी मास्तरांनी दोघांनाही पत्त्या घासायला शिकवलं होतंच. चेहडीकडे दारणेच्या काठी जाड बोरूची बेटं आहेत, तिथून तिनं बोरू आणला, माळ्यावर वाळवला, चिरला, काचेच्या तुकड्यानं खरवडला आणि झकास पत्त्या केल्या.

पण पत्ती नुसती करून भागत नाही. मास्तर म्हणायचे, "नवी पत्ती म्हणजे नवी नवरी, ती पहिल्याच दिवशी बोलत नाही. रोज थोडं थोडं वाजवून तिला बोलती करावी लागते." आणि दहा पत्त्यांतल्या दोनच बोलतात. आता कुठल्या दोन, हे वाजवल्याशिवाय कळणार कसं? मुक्या पत्त्या पाठवून त्या पोराच्या शिक्षणाचा खेळखंडोबा करायचा? चांगुणेनं फार विचार केला. आणि मग तिच्या लक्षात आलं, की वचन 'माणसाच्या कानावर पडेल असं' न वाजवण्याचं होतं.

त्यांच्या घराला लागूनच गोटीरामची पिठाची गिरणी होती. गिरणी सुरू झाली की भांडी थरथरायची, बोललेलं ऐकू यायचं नाही, पलीकडच्या रुळावरून मालगाडी गेलेलीसुद्धा कळायची नाही. नोटांच्या प्रेसचा भोंगा होऊन बायका दळणाचे डबे घेऊन आल्या, की आबा गप्पा मारायला गिरणीवर जायचे. चांगुणा सामानाच्या खोलीत जाऊन आतून कडी लावायची, ढोल-ताशांच्या गराड्यात बसायची, दोऱ्यानं बांधून ठेवलेली एक मोडकी क्लॅरिनेट बाहेर काढायची आणि गिरणीच्या त्या प्रचंड घरघरीच्या पोटात शिरून एकेक पत्ती बोलती करायची. सुरुवातीला तिला अपराधी वाटायचं. मग वाटेनासं झालं... आणि नंतर नंतर तर दिवसभरात तेवढाच वेळ आपण जिवंत असतो, असं तिला वाटू लागलं! स्वतःचा सूर तिला स्वतःलाही नीट ऐकू यायचा नाही. तो तिला दातांत आणि हाडांत जाणवायचा. गिरणी थांबायच्या आत ती थांबायची. पत्त्या धुवायची, पुसायची, डब्यात मांडायची. टोकाचा डाग मात्र धुऊन जायचा नाही.

आबा दिवेलागणीला गिरणीवरून परत यायचे, तेव्हा त्यांच्या उजव्या कानाला, गालाला पीठ लागलेलं असायचं. "कुठं टेकून बसता हो, आबा?" म्हणत ती ते पदरानं पुसायची. आबा नुसते हसायचे.

तर अशा त्या पत्त्या होत्या. हे सगळं ती भावाला आबांच्या देखत कसं सांगणार होती? 'तुमच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मी रोज मोडते', हे त्या दुखऱ्या छातीच्या म्हाताऱ्याला कसं ऐकवणार होती? तिनं आळ पदरात घेतला आणि गप्प राहिली.

वर्षं गेली. मोतीरामची पत्रं आबांच्या नावानं यायची, शेवटी 'ताईला नमस्कार' एवढंच. एक वर्ष त्याचं शिक्षण लांबलं, का ते त्यानं लिहिलं नाही. पुढं तो परीक्षा पास झाला, तिकडच्याच एका शहरातल्या मोठ्या वाद्यवृंदात कायमचा वादक म्हणून लागला, तिकडच्याच एका मुलीशी त्यानं लग्न केलं. काळ्या कोटातला त्याचा फोटो आबांनी बँडच्या पाटीशेजारी लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून दाखवून वात आणला. एक्याऐंशीत आबा गेले. तार पोहोचली, मोतीरामला येता आलं नाही. चांगुणा एकटीनं सगळं करून मोकळी झाली आणि घरी येऊन त्या सामानाच्या खोलीत कडी लावून बसली.

वचन देणारी होती, घेणारा गेला होता. पण तिनं ते मोडलं नाही. पत्त्या करणंही सोडलं नाही! कुणासाठी करत होती, देव जाणे. दर हिवाळ्यात बोरू आणायची, वाळवायची, घासायची, गिरणी चालू असेपर्यंत वाजवायची, आणि त्याच जुन्या बिस्किटाच्या डब्यात ठेवून द्यायची.

पंच्याऐंशी साली एप्रिलमध्ये मोतीराम आला. वस्तीतल्या मंडळींनी त्याला बाबासाहेबांच्या जयंतीला बोलावलं होतं. चौदा तारखेला विहारापुढच्या मांडवात आपल्या सहादूबाबाचा मुलगा विलायती वाद्य वाजवणार, म्हणून पोरांनी नाशिकपर्यंत भिंती रंगवल्या होत्या. तेहतिशीतच त्याच्या कानशिलांवर पांढरं आलं होतं. आल्या आल्या तो आबांच्या फोटोपुढं उभा राहिला आणि लहान मुलासारखा ढसढसा रडला. चांगुणा पाण्याचा तांब्या घेऊन मागं उभी होती. त्यानं डोळे पुसले, तांब्या घेतला आणि "कशी आहेस, ताई?" एवढंच विचारलं. "बरी आहे," ती म्हणाली. नऊ वर्षांचं बोलणं दोघांनी तेवढ्यात उरकलं.

जयंतीच्या आदल्या दिवशी सकाळी मोतीराम माडीवर वाजवायला बसला. चांगुणा खाली तांदूळ निवडत होती. पहिल्या चार सुरांतच तिचा हात ताटात थांबला. पत्ती फाटल्यासारखी बोलत होती. एप्रिलातली नाशिकची ती कोरडी ठणठणीत हवा, तिनं थंड मुलखातली नाजूक पत्ती वाळवून तिच्या टोकाला लाटा आणल्या होत्या. त्यानं दुसरी बांधली, तिसरी बांधली, पाण्यात भिजवल्या, काचेवर दाबून ठेवल्या. वरून एकदा मोठा कर्कश चित्कार आला, मग बराच वेळ काहीच आलं नाही. दुपारी तो खाली आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"मेनरोडला कुठं पत्त्या मिळतात का बघून येतो," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

"मोत्या..." ती डब्याकडे वळली होती. पण तो उंबऱ्याबाहेर पडला होता.

घे म्हणावं तरी कसं? पुन्हा तेच उष्टं पुढं करायचं? आणि न द्यावं, तर उद्या सगळ्या वस्तीसमोर त्याचा सूर फाटणार... आबांच्या नावावर! शेवटी तिनं ठरवलं, डब्यातल्या दोन सगळ्यांत चांगल्या पत्त्या निवडायच्या, त्याच्या पेटीत गुपचूप ठेवायच्या, मग त्यानं वाजवो की फेकून देवो. पण पत्त्या हिवाळ्यापासून पडून होत्या, आज कुठली बोलते हे वाजवल्याशिवाय कसं कळावं?

गिरणी सुरू झाली. तिनं कडी लावली.

पहिली पत्ती जड निघाली. दुसरी बरी. तिसरी तिनं ओठांत धरली, आणि काय झालं कोण जाणे, त्या पत्तीनं तिला धरलं! मास्तरांचा तो संथ धडा आपोआप सुरू झाला. डोळे मिटले गेले. आई, आबा, दांड्यावर बसलेला चिमुकला मोती, चिरूट पेटवायला विसरणारे मास्तर सगळे त्या अंधारात तिच्याभोवती येऊन बसले, आणि ती वाजवत राहिली.

इकडे मोतीराम रिकाम्या हातानं परत येत होता. दुकानदारानं त्याला हार्मोनियमच्या पट्ट्या काढून दाखवल्या होत्या. डोक्यावर ऊन, मनात उद्याची धास्ती. गल्लीत वळला तर गिरणीपुढं बायकांची रांग, गोटीराम पिठानं पांढराफटक, नेहमीची घरघर... आणि तेवढ्यात लाईट गेली.

पट्टा फडफडला, दगड रेंगाळले, गिरणी थांबली. नाशिकरोडला लाईट जाणं म्हणजे काही नवल नव्हे, बायकांनी वीज मंडळाच्या नावानं बोटं मोडायला तोंड उघडलं, पण शब्द तोंडातच राहिले. सहादूबाबाच्या घरातून सूर येत होता.

मोतीराम भर उन्हात खिळून उभा राहिला. तो सूर त्याच्या ओळखीचा होता. तो त्याचा स्वतःचा होता, प्रागच्या पहिल्या दोन वर्षांतला, पुढं हरवलेला! आणि तो धडा... तो मधला चढ आला. आता इथं श्वास तुटणार, म्हणून त्यानं आपलाच श्वास रोखला. सूर तुटला नाही. तो वर गेला, शांतपणे, कळशी डोक्यावर घेतलेली बाई घाट चढते तसा, आणि माथ्यावर जाऊन थांबला.

खोलीत चांगुणेनं डोळे उघडले. कानांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. घरघर नव्हती! केव्हापासून नव्हती? तिनं कडी काढली, तर पुढं उंबऱ्यावर मोतीराम बसलेला आणि त्याच्यामागं गल्ली.

"ऐकलंस?" तिनं कसंबसं विचारलं.

"ताई... त्या पत्त्या तूच वाजवून पाठवायचीस?"

तिनं मान खाली घातली. "मुक्या पाठवून काय उपयोग होता रे?"

"आणि मी तुला... चुलीपुढं... आबांच्या देखत..." तो म्हणाला. "तुला माहितेय, मी डबा इथं आपटून गेलो आणि तिकडं जाऊन नापास झालो. आमचे म्हातारे गुरुजी रोज विचारायचे, 'तुझा तो सूर कुठं गेला?' मी सांगायचो, थंडीनं गेला! पुढं मी पुष्कळ शिकलो, पोटापुरता वादक झालो, पण तो सूर पुन्हा मिळाला नाही. तो माझा नव्हताच, ताई! तू अर्धा वाजवून पाठवायचीस आणि उरलेला मी वाजवायचो. एका शब्दानं बोलली का नाहीस?"

"आबा बसले होते ना समोर. वचन दिलं होतं मी त्यांना. त्यांना कळलं असतं तर..."

"त्यान्ला ठावं होतं, बाई."

गोटीराम पुढं आला. डोक्याचं फडकं काढून त्यानं हातात धरलं होतं.

"पहिल्या दिवसापासून ठावं होतं. गिरणीच्या आतल्या अंगाची ती भिंत, तुमच्या खोलीची, तिला कान लावून उभे राहायचे सहादूबाबा. तुमचं व्हायचं बाकी असलं आन् माझं दळण सरलं, तर म्हणायचे, 'गोटीराम, राहू दे फिरती. पोरीचं अजून व्हायचंय.' अवो, रिकामी गिरणी फिरवली तर दगड दगडाला खातो! कितीदा दगडांना नव्यानं टाकी लावून घेतली मी. पण म्हाताऱ्याचं तोंड बघून पट्टा उतरवायला हात धजायचा नाय."

चांगुणेच्या डोळ्यांपुढं आबांचा पिठानं माखलेला उजवा कान उभा राहिला. रोज पुसत होती ती... इतकी वर्षं रोज पुसत होती!

"तुम्ही भांडलात त्या दिवशी माझ्याकडंच येऊन बसले हुते," गोटीराम मोतीरामकडे वळला. "लहान पोरावानी रडले. म्हणाले, 'बोललो तर तिची चोरी उघडी पडंल, न्हाय बोललो तर तिच्या माथी आळ. माझ्याच तोंडानं बंद केलं गोटीराम, आता कुठल्या तोंडानं उघडू?' मला शपथ घातली, तिला कळू द्यायचं न्हाय म्हणून. कळलं तर ती वाजवायची थांबंल, ही धास्ती त्यान्ला. आज तर अख्ख्या गल्लीनं ऐकलं. आता कशाची शपथ?"

चांगुणा दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. ज्याला फसवतो आहोत या ओझ्यानं ती इतकी वर्षं वाकली होती, तो भिंतीपलीकडे उभा राहून तिचा एकेक सूर पीत होता! आबा, आबा... एकदा नुसतं डोक्यावरून हात फिरवला असतात तरी चाललं असतं! तिचे अश्रू वाहू लागले, आणि तिनं ते पुसले नाहीत.

मोतीराम उठला. पेटी उघडून त्यानं आपली काळी चकाकणारी क्लॅरिनेट जोडली. मग तिच्या हातातल्या त्या दोऱ्यानं बांधलेल्या वाद्याची पत्ती सोडवली.

"थांब रे, धुऊन देते..." ती सवयीनं म्हणाली.

"नको. उष्टीच दे."

आणि सगळ्या गल्लीदेखत त्यानं ती ओली पत्ती ओठांत धरली. डोळे मिटून क्षणभर तशीच धरून ठेवली. मग ती आपल्या क्लॅरिनेटला बांधली, आणि वाद्य बहिणीच्या हातात दिलं.

"अरे, हे तुझं... आबा म्हणायचे, एका वाद्याला एकच तोंड."

"आबांचं वचनसुद्धा होतं, माणसाच्या कानावर पडू द्यायचं नाही. आणि पहिला कान त्यांनीच लावला! उद्या मांडवात मी याच पत्तीवर वाजवणार आहे. पण तो धडा मी वाजवणार नाही. तो तू वाजवायचास, माझ्या शेजारी खुर्चीवर बसून. मला तो चढ अजून येत नाही."

"वेडा आहेस का? एवढ्या माणसांत?"

तेवढ्यात दिवा लुकलुकला. लाईट आली होती. गोटीराम सवयीनं गिरणीकडे धावला, बटणाला हात घातला आणि तसाच थांबला. मागं वळून त्यानं विचारलं, "बाई... करू का चालू?"

रांगेतल्या कुसाबाईनं डोक्यावरचा ज्वारीचा डबा खाली ठेवला आणि त्याच्यावरच बैठक मारली. "दळण काय पळून जातंय व्हय? वाजव तू, पोरी."

एकेक करून बायका आपापल्या डब्यांवर बसल्या. चांगुणेनं भावाकडे पाहिलं, आतल्या भिंतीवरच्या आबांच्या फोटोकडे पाहिलं. मग तिनं पदर खोचला आणि क्लॅरिनेट हातात नीट धरली.

"नको, गोटीरामभाऊ," ती म्हणाली. "आज बंदच राहू द्या."